विश्लेषण : पन्नाशीत पहिला टॅटू काढताय? आधी त्वचा, औषधे आणि अक्षरे तपासा!

समजा, आईच्या हाताने लिहिलेली पाककृतींची जुनी वही आहे. पाने पिवळी पडलेली, कडांना तेलाचे डाग. आई आता नाही. त्या वहीतले ‘चवीपुरते मीठ’ हे दोन शब्द मोबाइलमध्ये टिपून पन्नाशीतली मुलगी टॅटू स्टुडिओत जाते आणि सांगते, ‘हेच अक्षर मनगटावर हवे.’ घरी गेल्यावर ‘या वयात हे काय सुचले?’ हा प्रश्न ठरलेला. खरे तर तिने स्वतःला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. मधुमेह आटोक्यात आहे का? रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का? आणि हे दोन शब्द दहा वर्षांनीही वाचता येतील का?

चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा टॅटू काढणे ही हौस असू शकते, आठवण असू शकते किंवा एखाद्या आजारावर टाकलेला पडदाही असू शकतो. कारण काहीही असो, विशीतली त्वचा आणि पन्नाशीतली त्वचा सारखी वागत नाही. म्हणूनच या वयात काय तपासायचे, कोणाला विचारायचे आणि कुठे थांबायचे, हे समजून घ्यायला हवे.

गोंदण आणि टॅटू यांत फरक काय?

तंत्र म्हणून पाहिले, तर फारसा नाही. दोन्हींत सुईने त्वचेत रंग उतरवला जातो. महाराष्ट्रातल्या मागच्या पिढ्यांतील असंख्य बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण असे. तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी, देवाचे किंवा नवऱ्याचे नाव ही त्यातली नेहमीची चिन्हे. ‘मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते’ अशी समजूत होती. गावोगावी फिरणाऱ्या बाया गोंदत असत. पुढे जत्रांमध्ये बॅटरीवरचे यंत्र घेऊन बसणारे कारागीर आले.

मोठा फरक आहे तो निर्णयाचा. आजीचे गोंदण बहुतेक वेळा लहानपणी किंवा लग्नाच्या सुमारास झालेले असे. कोणते चिन्ह, कुठे आणि कधी, हे घरातली मोठी माणसे ठरवत. मुलीला विचारण्याची पद्धत नव्हती. तिच्या नातीने पन्नाशीत काढलेला टॅटू मात्र तिचा स्वतःचा निर्णय असतो. पाहणाऱ्याला दोन्ही हातांवर निळसर-काळी शाईच दिसते.

मध्यमवयातच पहिला टॅटू का?

एक कारण साधे आहे. मुले मोठी झालेली असतात, नोकरीत स्थिरता आलेली असते आणि ‘लोक काय म्हणतील’ याचा धाक कमी झालेला असतो. दुसरे कारण म्हणजे या वयापर्यंत लक्षात ठेवण्यासारखे बरेच काही घडून गेलेले असते. आईवडील जातात, शस्त्रक्रिया होते, एखादे व्यसन सुटते, मूल परदेशी जाते. त्यामुळे स्टुडिओतल्या तयार चित्रांपेक्षा या वयातल्या लोकांना वडिलांची सही, आईचे अक्षर, एखादी तारीख किंवा अंगणातले फूल हवे असते.

सार्वजनिक जीवनातही अशी उदाहरणे आहेत. ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंच यांनी ८१ व्या वाढदिवसाच्या निमित्ताने मनगटावर ‘कार्पे डिएम’ हे लॅटिन शब्द गोंदवले. हाती आलेला दिवस वाया घालवू नका, असा त्यांचा आशय. बीबीसीचे ज्येष्ठ निवेदक डेव्हिड डिम्बलबी यांनी २०१३ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी खांद्यावर पहिला टॅटू काढून घेतला. चित्र होते विंचवाचे. आपल्याकडच्या आज्यांना त्याचे काहीच नवल वाटले नसते!

निवड न करता मिळालेला टॅटू म्हणजे काय?

मध्यमवयातल्या अनेकांचा पहिला टॅटू स्टुडिओत नव्हे, तर रुग्णालयात होतो. कर्करोगावर रेडिओथेरपी देताना किरणे रोज नेमक्या त्याच जागी पडावीत, म्हणून अनेक केंद्रांत त्वचेवर शाईचे बारीक कायमस्वरूपी ठिपके देतात. तिळाएवढा ठिपका असतो. उपचार संपतात, केस पुन्हा येतात, पण ठिपका तसाच राहतो. आंघोळ करताना, कपडे बदलताना तो दिसतो आणि ते दिवस आठवतात. काही केंद्रे आता त्याऐवजी पुसता येणाऱ्या खुणा किंवा कॅमेऱ्यावर आधारित पद्धतही वापरतात.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनाग्राचा आभास देणारा टॅटू काढण्याची वैद्यकीय पद्धतही आहे. काही स्त्रिया व्रणावरून एखादी वेल काढून घेतात, काही रेडिओथेरपीचा ठिपकाच फुलाच्या मध्यभागी घेतात. आजाराने ठरवलेल्या खुणेशेजारी स्वतः ठरवलेली खूण, एवढाच त्यामागचा विचार असतो. पण व्रण पूर्ण परिपक्व होण्यास साधारण वर्ष लागते. किरणोपचार झालेली त्वचा नाजूक असते. त्यामुळे अशा जागी टॅटू काढण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी हवीच.

शाई त्वचेत टिकते तरी कशी?

त्वचेचा वरचा थर सतत गळतो आणि नव्याने तयार होतो. शाई तिथेच राहिली असती, तर काही आठवड्यांत निघून गेली असती. म्हणून सुई त्याखालच्या थरापर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट घेतले. त्याचा आधार होता थॉमस एडिसन यांचा कागदाला बारीक भोके पाडणारा विजेचा पेन! सुई वेगाने खालीवर करण्याचे तत्त्व आजही तेच आहे.

शाई आत गेली की शरीराला ती परकी वाटते. ‘मॅक्रोफेज’ नावाच्या संरक्षक पेशी रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, या पेशी मेल्यावर रंग बाहेर पडतो आणि नव्या पेशी तो पुन्हा गिळतात. थोडक्यात, एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा हा राखणीचा खेळ आहे. त्यात थोडे कण इकडेतिकडे सरकतात, काही लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात. त्यामुळे वर्षे सरतात तशा रेषा किंचित जाड आणि पुसट होतात.

पन्नाशीतली त्वचा वेगळी का वागते?

वयानुसार त्वचा पातळ होते आणि तिला ताण देणारे कोलॅजन कमी होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये ही घट वेगाने होते. वर्षानुवर्षांच्या उन्हाचाही परिणाम झालेला असतो. याचे टॅटूवर तीन परिणाम होतात :

● त्वचा पातळ असेल, तर सुई गरजेपेक्षा खोल जाण्याची शक्यता वाढते. मग शाई कडेने पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली दिसते.
● जखम भरायला विशीतल्यापेक्षा जास्त दिवस लागतात.
● अतिबारीक रेषा आणि दाट नक्षी लवकर एकमेकींत मिसळतात.

याचा अर्थ टॅटू काढूच नये, असा नाही. चित्र थोडे मोठे, रेषा मोजक्या आणि मध्ये मोकळी जागा, एवढे पथ्य पाळले तरी बराच फरक पडतो. मध्यमवयातल्या त्वचेवर काम करण्याचा अनुभव आहे का, असे कारागिराला थेट विचारावे. ताजे फोटो सगळेच दाखवतात. दोन-तीन वर्षे जुन्या टॅटूचे फोटो मागावेत.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

● मधुमेह : रक्तातील साखर आटोक्यात नसेल, तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि जखम रेंगाळते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी आधी पाहावी. पाऊल आणि नडगी या जागा टाळलेल्या बऱ्या.
● रक्त पातळ करणारी औषधे : रक्तस्राव जास्त होतो, शाईही नीट बसत नाही. मात्र टॅटूसाठी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. हृदयात स्टेंट असलेल्यांसाठी ते जिवावर बेतू शकते.
● हृदयाच्या झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप : त्वचेतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसू शकतात.
● स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे : संधिवात, अवयव प्रत्यारोपण, कर्करोग यांचे रुग्ण यात येतात.
● सोरायसिस, कोड : त्वचेला इजा झालेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो.
● केलॉइड : कान टोचल्यावर किंवा लशीच्या जागी फुगीर व्रण झाला असेल, तर टॅटूच्या जागीही तसा होऊ शकतो.
● काखेतील गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूच्या हातावर टॅटू टाळावा. संसर्ग झाल्यास हात सुजून राहण्याचा धोका असतो.

तीळ किंवा चामखीळ शाईखाली झाकू नये. त्याचा रंग वा आकार बदलला, तर तो दिसायला हवा.

स्टुडिओ कसा पारखावा?

दूषित सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. यांपैकी हिपॅटायटिस बीवर लस आहे. तिच्या तीन मात्रा साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात. लस घेतलेली नसेल, तर टॅटूच्या निमित्ताने ती घेऊन टाकावी.

सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे, हे बहुतेकांना माहीत असते. शाईकडे मात्र दुर्लक्ष होते. २०११-१२ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९ जणांना टॅटूनंतर त्वचेचा हट्टी संसर्ग झाला. तपासात दोष निघाला तो आधीच पातळ करून आलेल्या राखाडी शाईत. म्हणजे सुई स्वच्छ असूनही धोका राहू शकतो. त्यामुळे हे प्रश्न विचाराच :

१. शाईची बाटली कोणत्या कंपनीची? तिच्यावर बॅच क्रमांक आणि मुदत आहे का? (फोटो काढून ठेवा.)
२. शाई छोट्या, एकदाच वापरायच्या टोपणात ओतली जाते का? उरलेली टाकून देतात का?
३. पातळ करायला निर्जंतुक पाणी वापरतात की नळाचे?
४. यंत्र, वायर आणि खुर्चीवर प्रत्येक ग्राहकासाठी नवे प्लास्टिक आवरण लावतात का?
५. हातमोजे घालून कारागीर मध्येच मोबाइल उचलतो का? उचलला, तर मोजे बदलतो का?

रंगांमध्ये लाल शाईची ॲलर्जी सर्वाधिक आढळते आणि ती काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही उद्भवू शकते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील सुमारे ४,००० रसायनांवर निर्बंध आणले. त्या नियमांनुसार बनलेली शाई आहे का, असे विचारता येते. पहिला टॅटू साध्या काळ्या शाईत काढणे तुलनेने सोयीचे. पुढे काढून टाकायचा झाल्यास काळा रंगच सर्वांत सहज निघतो.

देवनागरी अक्षरांत चुका का होतात?

आठवणींचे टॅटू बहुतेकदा शब्दांचे असतात आणि इथेच घोटाळा होतो. चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरे तुटतात. मराठी न वाचणाऱ्या कारागिराला त्यात चूक दिसत नाही. तो समोर आलेले चित्र गिरवतो.

फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने पत्नीचे नाव देवनागरीत गोंदवले, तेव्हा ‘व्हि’मधला ‘ह’ जास्तीचा आहे म्हणून जगभर चर्चा झाली. हिंदीच्या दृष्टीने ते खटकणारे होते. मराठीत मात्र आपण ‘व्हिक्टोरिया’ असेच लिहितो! मुद्दा हा की, शब्द कोणत्या भाषेत आणि कोणत्या रूढीने लिहायचा, हे सुई लागण्याआधी ठरले पाहिजे.

हस्ताक्षर गोंदवायचे असेल, तर मूळ कागद सपाट ठेवून स्कॅन करावा. मोबाइलने तिरका काढलेला फोटो अक्षराचा तोल बदलतो. कारागिराने अक्षर ‘सुधारून’ घेतले नाही ना, हेही पाहावे. आईची वेलांटी अर्धवट असेल, तर ती तशीच राहायला हवी. मात्र आकाराबाबत तडजोड करावी लागते. ‘मीठ’मधल्या ‘ठ’ची गोल पोकळी फार लहान ठेवली, तर शाई पसरल्यावर ती भरून जाते आणि अक्षराच्या जागी नुसता ठिपका उरतो. अनुस्वार आणि शिरोरेषा यांच्यातही अंतर हवे.

त्वचेवर आधी जांभळ्या रंगाचा छाप उमटवतात. तो उमटल्यावर आरशात नव्हे, फोटो काढून वाचावा. सोबत मराठी नीट वाचणारे दुसरे कोणी असावे. या टप्प्यावर चूक पुसता येते. पुढच्या टप्प्यावर येत नाही.

दुखते किती? जागा कोणती निवडावी?

दंडाची बाहेरची बाजू आणि पुढच्या हाताचा मांसल भाग सोसवतो. बरगड्या, घोटा, मनगटाची आतली बाजू आणि पाऊल येथे जास्त दुखते. बधिर करणारे मलम ऑनलाइन मागवून भरपूर चोपडण्याचा मोह टाळावा. लिडोकेनचे प्रमाण जास्त असलेल्या अशा मलमांमुळे हृदयाचे ठोके अनियमित होणे, झटके येणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये दिला होता.

मनगट निवडताना बांगड्या आणि घड्याळ यांचा विचार करावा. ताज्या टॅटूवर ते सतत घासतात. बोटांवरचा टॅटू रोजच्या धुण्या-भांड्यांत लवकर पुसट होतो.

पहिल्या महिन्यात काय काळजी घ्यावी?

वरची जखम साधारण दोन ते चार आठवड्यांत भरते. आतला थर पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे, टिपून कोरडे करणे आणि सुचवलेल्या मलमाचा पातळ थर लावणे एवढेच करायचे असते. खपली काढायची नाही. पोहणे आणि थेट ऊन टाळायचे. हळद, तूप, घरगुती तेल असे काही लावायचे नाही. प्रेम म्हणून सुचवले गेले तरी नाही!

भर मे महिन्यात घाम आणि ऊन, तर पावसाळ्यात ओले कपडे त्रास देतात. जमल्यास हिवाळा निवडावा. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर सरकताना दिसली, तर स्टुडिओत नव्हे, डॉक्टरांकडे जावे.

रक्तदान, एमआरआय आणि लेझरचे काय?

नियमित रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. एमआरआय बहुतेक वेळा निर्धोक असतो. क्वचित शाईतील लोहयुक्त कणांमुळे त्या जागी उष्ण वाटते, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगावे. काखेतील गाठींमध्ये पोहोचलेली शाई मॅमोग्राफी किंवा शस्त्रक्रियेत संभ्रम निर्माण करू शकते. हातावर वा छातीवर टॅटू असल्याचे डॉक्टरांना माहीत असलेले बरे.

नकोसा झाला तर लेझर आहे, पण ते खोडरबर नव्हे. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक सत्रे लागतात आणि खर्च बऱ्याचदा टॅटूपेक्षा जास्त होतो. सावळ्या त्वचेतील नैसर्गिक रंगद्रव्यही लेझर शोषून घेऊ शकते. त्यामुळे पांढरा किंवा काळपट डाग राहण्याचा धोका असतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

घाई नसणे हा या वयाचा सर्वांत मोठा फायदा आहे. ठरवलेले चित्र त्याच जागी पेनाने काढून काही दिवस वावरून पाहावे. ऑफिसमध्ये, लग्नकार्यात, आरशासमोर. नंतर त्याची प्रिंट कपाटाच्या दारावर महिनाभर लावून ठेवावी. जवळचे माणूस नुकतेच गेले असेल, तर आणखी थांबावे. दुःखाच्या पहिल्या लाटेत निवडलेले चित्र वर्षानंतरही तेच वाटते का, हे पाहायला हवे. वाटले, तर खुशाल सुईखाली हात द्यावा. ‘कशाला?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याचे बंधन नाही.

आणि आईची ती वही जपून ठेवावी. दहा-पंधरा वर्षांनी रेषा पुसट झाल्या, तर त्या पुन्हा गिरवायला मूळ अक्षर लागेल.